टायगर हिलवरची चिठ्ठी : हाती आलेल्या शत्रूचं आपण काय देणं लागतो?

सह्यवारा (धागाकर्ता)

कारगिलवर इथे आजवर बरंच लिहून झालंय. मला त्यातल्या एका चिठ्ठीबद्दल लिहायचंय. ती आपल्या एका ब्रिगेडियरने लिहिली आणि मेलेल्या पाकिस्तानी अधिकाऱ्याच्या खिशात ठेवली.

जुलै १९९९ चा पहिला आठवडा. टायगर हिलचा माथा आपल्या १८ ग्रेनेडियर्स पलटणीने गाठला होता, पण माथा गाठला म्हणजे डोंगर ताब्यात आला असं होत नाही. पश्चिमेच्या धारेवर ८ शीख पलटणीचे मोजके जवान पाय रोवून बसले होते. ५ जुलैला त्यांच्यावर प्रतिहल्ला झाला. परतवला, तर पुन्हा आला. मागे सरणाऱ्या आपल्या माणसांना गोळा करून परत पुढे घालणारा एक तरुण अधिकारी पलीकडे होता. तो पडला तेव्हा कुठे हल्ल्याचा जोर ओसरला. त्याचं नाव कॅप्टन कर्नल शेर खान, १२ नॉर्दर्न लाइट इन्फन्ट्री (एनएलआय). ('कर्नल' हा हुद्दा नव्हे, नावातच आहे ते.) गाव स्वाबी जिल्ह्यातलं. त्याला ज्याने मारलं तो ८ शीखचा शिपाई सतपालसिंग. तो स्वतःही जखमी होता.

१९२ माउंटन ब्रिगेडचे कमांडर होते ब्रिगेडियर एम. पी. एस. बाजवा. त्यांनी पुढे मुलाखतींत सांगितलंय की बाकीच्या तीसएक पाकिस्तानी सैनिकांना तिथे वरच दफन केलं, पण या अधिकाऱ्याचा मृतदेह हमाल पाठवून खाली आणवला. आणि मृतदेह पाठवण्याआधी त्याच्या खिशात चिठ्ठी ठेवली: १२ एनएलआयचा कॅप्टन कर्नल शेर खान फार शौर्याने लढला, त्याला त्याचं श्रेय मिळावं, अशा अर्थाची. पाकिस्तानने त्याला निशान-ए-हैदर दिला. त्यांच्याकडे त्याहून मोठा लष्करी सन्मान नाही. याच बाजवांनी सतपालसिंगच्या शौर्याचीही शिफारस केली होती. त्याला वीरचक्र मिळालं.

एकाच लढाईनंतर एकाच माणसाने मारणाऱ्याचीही शिफारस केली आणि मरणाऱ्याचीही. मला यात कुठेही विसंगती दिसत नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात घ्या. पाकिस्तान सरकार तेव्हा जगाला सांगत होतं की वर आहेत ते मुजाहिदीन, आमचं सैन्य नाही. मग मृतदेह मागणार कोण? मागितले तर खोटं उघडं पडणार. त्यामुळे कितीतरी पोरं बर्फात तशीच पडून राहिली. त्यांच्या जनाज्याची नमाज पढायला आपल्या लष्कराने मौलवी आणले आणि त्यांच्याच देशाच्या झेंड्यात गुंडाळून त्यांना मातीआड केलं. ज्या झेंड्याने त्यांना नाकारलं होतं, तो आपल्या जवानांनी त्यांच्यावर घातला.

माझं म्हणणं एवढंच आहे. लढता शत्रू आणि हाती आलेला शत्रू, ही दोन वेगळी माणसं आहेत. लढत्याच्या पाठीशी त्याचं सैन्य असतं, सरकार असतं, तोफा असतात. जखमी होऊन पडलेल्याला, कैद झालेल्याला, मेलेल्याला त्या घटकेला आपल्याशिवाय कोणीच नसतं. म्हणून त्याचं जे काही करायचं ते आपल्यालाच करावं लागतं. त्याच्याबद्दल प्रेम वाटतं की नाही हा प्रश्नच नाही.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. विरोधी मतही सविस्तर येऊ द्या.

---

रोखठोक_नगरकर

लेख आवडला, भूमिका पटली नाही.

तुम्ही जुलैतली गोष्ट सांगितलीत. मी मे महिन्यातली सांगतो. १५ मे १९९९, कारगिल भागातलं काकसर. ४ जाटचे लेफ्टनंट सौरभ कालिया पाच जवानांना घेऊन गस्तीवर गेले आणि जिवंत पकडले गेले. ९ जूनला सहा मृतदेह परत आले. त्यांचं काय केलं होतं ते इथे लिहवत नाही, ज्यांनी शवविच्छेदनाच्या बातम्या तेव्हा वाचल्या त्यांना आठवत असेल. बावीस वर्षांचा पोरगा होता तो. पहिला पगारसुद्धा हातात पडला नव्हता म्हणतात.

त्यानंतर महिन्याभरात आपण त्यांच्यासाठी मौलवी शोधत होतो. मला अभिमान वाटायला हवा, पण तो वाटण्याआधी घशात काहीतरी अडकतं. आमच्याकडे एक ओळ पोरासोरांनाही पाठ असते: 'तेव्हा गेला होता कोठे राधासुता तुझा धर्म?' चाक रुतल्यावर धर्म आठवणाऱ्याला दिलेलं उत्तर आहे ते. मला ते आजही बरोबर वाटतं.

आणि दुसरं, ती चिठ्ठी निव्वळ दिलदारी होती असं मला वाटत नाही. नियमित सैन्याचा अधिकारी आमच्या हद्दीत मेला, हे जगाला दाखवायचंही होतंच ना?

---

कायद्याची_वाट

नगरकरांचा प्रश्न या धाग्याचा गाभाच आहे, म्हणून जरा लांबण लावतो.

१९४९ चे चार जिनिव्हा करार भारत आणि पाकिस्तान दोघांनाही बांधील आहेत. आपल्या संसदेने त्यासाठी १९६० मध्ये स्वतंत्र कायदाही केला. चारही करारांचं पहिलंच कलम सांगतं की हे करार सर्व परिस्थितीत पाळायचे. 'समोरच्याने पाळले तर' अशी अट त्यात नाही. तिसरा करार युद्धकैद्यांचा. त्याच्या १३ व्या कलमात कैद्यांवर सूड उगवायला साफ मनाई आहे. मृतांबद्दल पहिल्या कराराचं १७ वं कलम बघा: ओळख पटवायची, शक्य तिथे ज्याच्या त्याच्या धर्माच्या रीतीने आणि सन्मानाने अंत्यविधी करायचा, कबरीवर खूण ठेवायची. टायगर हिलच्या उंचीवर मौलवी नेणं ही मेहेरबानी नव्हती, ते कर्तव्य होतं. आपल्या लष्कराने ते मनापासून केलं ही आणखी चांगली गोष्ट.

आता 'त्यांनी मोडलं तर आपण का पाळायचं'? व्यापाराच्या करारात हा युक्तिवाद चालतो. एकाने माल दिला नाही तर दुसरा पैसे थांबवतो. इथे तो चालत नाही, कारण तुम्ही सूड घ्याल तो करार मोडणाऱ्यावर पडणारच नाही. काकसरला ज्यांनी ते केलं ते पलीकडे सुरक्षित बसलेले. आपल्या हातात सापडणार हुंझा-गिलगिटचा कुठला तरी शिपाई, ज्याला कालियांचं नावही माहीत नसेल.

कालियांच्या बाबतीत जे झालं तो युद्धगुन्हा आहे, असं आपण आज ठामपणे म्हणू शकतो. कशाच्या जोरावर म्हणतो? याच कलमांच्या. ती कलमं आपणच वाऱ्यावर सोडली तर त्या सहा जणांची बाजू मांडायला आपल्याकडे काय उरतं?

---

पट्टीबंद

मी आर्मी मेडिकल कोअरला नर्सिंग असिस्टंट होतो. इथे बहुतेक वेळा नुसता वाचतो. आज लिहितो. जागा आणि वर्ष सांगत नाही.

नियंत्रण रेषेजवळ आमचं एडीएस होतं, म्हणजे ॲडव्हान्स ड्रेसिंग स्टेशन. एक बंकर, एक तंबू, जनरेटरवर दोन दिवे. रात्री चकमक झाली आणि पहाटे दोन जखमी एकदमच आले. एक आपला जवान, डाव्या हाताची दोन बोटं चेंदलेली. कळा भरपूर होत्या, पण पट्टी घट्ट बसलेली आणि रक्त थांबलेलं. दुसरा पलीकडचा. पोटात गोळी, अंग गार, मनगटाला नाडी लागेना.

आधी झडती. दयामाया त्याच्यानंतर. अंगावर ग्रेनेड असला तर सगळे जातील. कपडे कात्रीने उभे फाडले, बूट काढले, मग डॉक्टरसाहेबांनी त्याला टेबलावर घ्यायला सांगितलं. आपला जवान बाकावर बसून बघत होता. म्हणाला, "साहेब, माझ्या जोडीदाराला यानंच उडवलं असंल." साहेबांचे हात चालूच होते. म्हणाले, "असेल. तुझा हात अर्धा तास थांबेल. याचं पोट थांबणार नाही." एवढंच बोलणं झालं. मी त्याच्या दोन्ही हातांना सलाईन लावलं आणि साहेब पोटावर ड्रेसिंग करत राहिले.

तो सारखा पाणी मागत होता. पोटात गोळी असली की तोंडाने पाणी द्यायचं नसतं. पुढे भूल द्यायची असते, आतडं फाटलेलं असलं तर सगळं आत पसरतं. पहाऱ्यावरच्या पोराला हे काय माहीत? त्याला वाटलं, शत्रू म्हणून पाणी तोडलंय. त्याने आपली बाटली उघडून पुढे केली. मी त्याचा हात धरला, गॉजचा तुकडा भिजवून दिला आणि सांगितलं, ओठांवर फिरव, पिळू नको. रायफल दुसऱ्याकडे देऊन ते पोरगं हेलिकॉप्टर येईपर्यंत त्याचे ओठ ओले करत बसलं. रात्री त्याच दिशेला त्याने गोळ्या झाडल्या होत्या.

दया आली का, असं कोणी विचारलं तर खरं सांगतो, त्या वेळी काही वाटत नाही. हात चालतात. राग नंतर येतो, जेवायला बसल्यावर. म्हणून आम्हाला जे शिकवलं होतं ते चांगलं होतं: जखम बघायची, वर्दी बघायची नाही. प्रायॉरिटी एक, प्रायॉरिटी दोन, प्रायॉरिटी तीन. राग आला तरी हाताला आपला क्रम माहीत असतो.

---

वाटसरू२२

पट्टीबंद, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. लिहीत राहा. तो पलीकडचा सैनिक जगला का पुढे?

---

पट्टीबंद

माहीत नाही. मागच्या हॉस्पिटलला पाठवला की आमचा संबंध संपतो. आपल्या जवानाचं एक बोट गेलं. ते उशीर झाल्यामुळे नव्हे, ते आलं तेव्हाच गेलेलं होतं. हे मुद्दाम लिहितोय, नाहीतर कोणीतरी हिशोब मांडत बसेल.

---

निशिगंधा

नगरकरांनी कर्णाचं चाक काढलंच आहे, तर त्या युद्धातलीच बाकीची पानंही उलटू या. मी संस्कृत शिकवते, म्हणून राहवलं नाही.

कर्ण तेव्हा सेनापती होता. रथ अडलेला, पण शस्त्र हातात, युद्ध चालू, आणि अभिमन्यूला घेरून मारणाऱ्यांत तो स्वतः होता. ते उत्तर त्याला दिलं गेलं, त्याच्या कृत्यासाठी. एखाद्या बंदिवानाला किंवा बेशुद्ध पडलेल्या शिपायाला ते लागू करणं म्हणजे ती ओळ भलत्याच ठिकाणी वापरणं. उलट, युद्धाच्या आरंभी दोन्ही पक्षांनी जे नियम ठरवले त्यांत शरण आलेल्यावर, नि:शस्त्रावर, पाठ फिरवलेल्यावर वार करायचा नाही हे स्पष्ट आहे. आणि ते नियम मोडत मोडत शेवटी कुठे पोचले? अश्वत्थाम्याने मध्यरात्री झोपलेल्या छावणीत शिरून केलेल्या कत्तलीपर्यंत. त्याचंही कारण सूडच होतं. बाप अधर्माने मारला गेला होता, हे त्याचं म्हणणं खोटं नव्हतंच.

पण मला आठवला तो याच्या नंतरचा प्रसंग. फारसा कोणी सांगत नाही. युद्ध संपल्यावर युधिष्ठिर विदुर, संजय, धौम्य वगैरेंना आज्ञा करतो की रणावर पडलेल्या सगळ्यांचे अंत्यसंस्कार करा. दोन्ही बाजूंच्या. चंदन, तूप, लाकडं गोळा होतात, राजांच्या चिता वेगळ्या रचल्या जातात. आणि ज्यांचं कोणीच नाही, दूरदेशांहून आलेले, ज्यांना ओळखणारंही कोणी उरलं नाही, त्यांचंही दहन विदुर करवतो. सह्यवारांनी लिहिलंय ना, मागायला कोणी नव्हतं? तशाच माणसांची आठवण तिथे ठेवलेली आहे.

'मरणान्तानि वैराणि' हे तर सगळ्यांना ठाऊक असतं. त्याच्या पुढचं वाक्य मात्र सहसा कोणी म्हणत नाही. रावणाचे संस्कार करायला बिभीषण कचरतो, तेव्हा राम त्याला सांगतो: याचे संस्कार कर, हा जसा तुझा तसाच माझाही. बायको पळवून नेणाऱ्याबद्दल बोलतोय तो.

---

जावळीचा_पाऊस

निशिगंधाताई, +१.

प्रतापगडाच्या पायथ्याशी अफजलखानाची कबर आहे, १६५९ पासून. तिच्यावरून पुढे जे वाद झाले त्यात मला शिरायचं नाही. पण जो माणूस मिठीत घेऊन जीव घ्यायला आला होता, त्याला आपल्या गडाखाली जागा मिळाली, हे सातारकर म्हणून मी लहानपणापासून ऐकत आलोय आणि त्यात कमीपणा वाटावा असं मला कधी काही दिसलं नाही.

---

दर्यावर्दी

समुद्रावरचं एक उदाहरण देतो. मी मर्चंट नेव्हीत आहे, बुडणाऱ्याला उचलायचं हे आमच्याकडे पहिल्या दिवसापासून अंगात भिनवतात. पण युद्धात त्याची किंमत काय पडू शकते ते बघा.

१२ सप्टेंबर १९४२, दक्षिण अटलांटिक. जर्मन पाणबुडी यू-१५६ ने 'लॅकोनिया' हे ब्रिटिश जहाज टॉर्पेडोने बुडवलं. जवळ गेल्यावर पाण्यातून इटालियन भाषेत हाका ऐकू आल्या. जहाजात अठराशेच्या आसपास इटालियन युद्धकैदी होते, म्हणजे जर्मनांचे मित्रच. कॅप्टन हार्टेनस्टाइनने लोकांना उचलायला सुरुवात केली, आणि फक्त इटालियनांना निवडून नाही. ब्रिटिश, पोलिश, बायका, मुलं, जे हाताला लागले ते. पाणबुडीत जागा ती काय असते? आत माणसं दाटीवाटीने, डेकवर माणसं, मागे दोरीने बांधलेल्या होड्या. त्याने उघड इंग्रजीत, सांकेतिक भाषा न वापरता रेडिओवर संदेश दिला: जे जहाज मदतीला येईल त्याच्यावर मी हल्ला करणार नाही, माझ्यावर हल्ला झाला नाही तर. आपली जागाही सांगून टाकली. युद्धात पाणबुडीने आपली जागा सांगणं म्हणजे काय, ते समजून घ्या.

१६ तारखेला ॲसेन्शन बेटावरून अमेरिकन लिबरेटर विमान आलं. पाणबुडीवर रेडक्रॉसचा झेंडा पसरलेला होता. विमानाने वर विचारलं, हुकूम आला, बॉम्ब टाकले. होड्यांमधले लोक मेले. हार्टेनस्टाइनला डेकवरची माणसं पाण्यात सोडून बुडी मारावी लागली. दुसऱ्या दिवशी जर्मन पाणबुडीदलाचा प्रमुख ॲडमिरल डोनिट्झ याने सगळ्या पाणबुड्यांना हुकूम काढला: यापुढे वाचलेल्यांना उचलायचं नाही.

न्यूरेंबर्गला युद्धगुन्ह्यांच्या खटल्यात हा हुकूम डोनिट्झविरुद्ध पुढे आला. हार्टेनस्टाइन तोवर मेला होता, १९४३ मध्ये पाणबुडीसकट.

मी हे का सांगतोय? नगरकरांच्या बाजूने बघितलं तर हे उत्तम उदाहरण: दया दाखवली आणि बॉम्ब खाल्ले. पण दुसऱ्या बाजूने बघा. एका हल्ल्यानंतर नियम उलटा झाला आणि त्यानंतर बुडालेल्या प्रत्येक जहाजावरच्या खलाशांनी त्याची किंमत मोजली, ज्यांचा लॅकोनियाशी काही संबंध नव्हता. त्यांतले बरेच मर्चंट नेव्हीचे, आमच्यासारखे. ब्रिटिश जहाजांवर तेव्हा हिंदी खलाशी हजारोंनी होते, रत्नागिरी आणि कोकणपट्टीतलेही. हार्टेनस्टाइन ज्या राजवटीसाठी लढत होता ती राक्षसी होती, आणि ते जहाज त्यानेच बुडवलं होतं. तरी त्या चार दिवसांत त्याने जे केलं ते बरोबर होतं. दोन्ही एकदम खरं आहे.

---

रोखठोक_नगरकर

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. पट्टीबंद, तुम्हाला नमस्कार. डॉक्टरने जखम बघावी, याला माझा विरोध नाही आणि नव्हता. निशिगंधाताई, कर्णाबद्दलचा तुमचा मुद्दा वाचला, त्यावर विचार करतोय.

पण माझी अडचण अजून तिथेच आहे. आपण दरवेळी नियम पाळतो, ते दरवेळी मोडतात, आणि मोडणाऱ्याला काहीच होत नाही. कायद्याची_वाट म्हणतात, कलमं सोडली तर कालियांची बाजू कशी मांडणार? पण कलमं धरून ठेवूनही मांडली कुठे? कालियांचे वडील वर्षानुवर्षं दारोदार फिरले. २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले. करुणेचे गोडवे गाताना हे विसरायचं नाही, एवढीच माझी मागणी आहे. शत्रूच्या मृतदेहाबद्दलचं कर्तव्य आपण पार पाडलं. आपल्या सहा जणांबद्दलचं कुठे पाडलं?

---

नर्मदाकाठ

जबलपूरहून लिहिते आहे. आमची चौथी पिढी इथे.

१९७१ च्या युद्धानंतर ढाक्याहून आणलेल्या कैद्यांच्या छावण्या आमच्या शहरातही होत्या. पूर्व पाकिस्तानातल्या पाकिस्तानी फौजेचे प्रमुख जनरल नियाझी यांना इथेच ठेवलं होतं. एकूण कैदी त्र्याण्णव हजारांच्या घरात, त्यांत बायका-मुलं आणि मुलकी लोकही होते. घरात मोठी माणसं सांगायची की लोक तेव्हा कुरकुरायचे: पूर्व बंगालात एवढे अत्याचार केले, आणि यांना आपण पोसतोय, पक्क्या बराकी देतोय. ती कुरकूर समजण्यासारखी होती. निर्वासितांचे लोंढे सगळ्यांनी पाहिले होते. पण अन्न, औषधं, घरची पत्रं, रेडक्रॉसच्या भेटी, हे चालू राहिलं.

तरीही सगळंच गोरंगोमटं करून सांगू नये. लढाई थांबल्यावर कैद्यांना विनाविलंब सोडायचं, असं तोच करार सांगतो. १६ डिसेंबर १९७१ ला शरणागती झाली, आणि परत पाठवणं खऱ्या अर्थाने सुरू झालं ते ऑगस्ट १९७३ च्या दिल्ली करारानंतर. शेवटचे कैदी एप्रिल १९७४ मध्ये गेले. त्यामागे बांगलादेशच्या मान्यतेचं राजकारण होतं, युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांचा प्रश्न होता, पाकिस्तानात अडकलेल्या बंगाली लोकांचा प्रश्न होता. कारणं खरी होती. पण त्या दोन वर्षांत छावणीतल्या साध्या शिपायाची पोरं पलीकडे बापावाचून वाढत होती, हेही खरं.

नगरकरांचा मुद्दा मला मनापासून पटतो, आणि तो १९७१ लाही लागू आहे. आपले ५४ जण बेपत्ता राहिले. पाकिस्तान म्हणत राहिलं, आमच्याकडे कोणी नाही. २००७ मध्ये नातेवाईक तिकडच्या तुरुंगांत जाऊन शोधून आले आणि रिकाम्या हातांनी परतले. एवढे कैदी हातात असताना आणि सोडताना या लोकांचा हिशोब नीट मागितला गेला नाही, ही आपल्या सरकारची चूक मला अक्षम्य वाटते. पण त्यासाठी त्या कैद्यांना कमी जेवण द्यायला हवं होतं, असं मात्र मला वाटत नाही. चूक वाटाघाटीच्या टेबलावर झाली होती, छावणीच्या स्वयंपाकघरात नाही.

---

सह्यवारा

चर्चा माझ्या लेखाच्या पुढे गेली, सगळ्यांचे आभार. दोन-तीन गोष्टी.

नगरकर, चिठ्ठीमागे डावपेचही असेल, हे मी नाकारत नाही. ब्रिगेड कमांडर असा विचार करणारच. पण नियमित सैन्य होतं हे सिद्ध करायला ओळखपत्र, पगारपत्रक, वर्दी पुरेशी होती. 'फार शौर्याने लढला' हे लिहायची गरज पुराव्याला नव्हती. आणि हेतू मिसळलेला असला तरी स्वाबीतल्या त्या घराला मुलगा परत मिळाला आणि तो कसा मेला ते कळलं. त्यांच्या सरकारने त्यांना तेही कळू दिलं नसतं.

नर्मदाकाठ यांनी शेवटी जे लिहिलंय त्याला मी काही जोडू शकत नाही.

पण आपल्याबद्दलही बोलायला हवं, कारण आपल्यातल्या बहुतेकांच्या हाती कधी कैदी येणार नाही, पण त्याचा व्हिडिओ येतो. २७ फेब्रुवारी २०१९ ला विंग कमांडर अभिनंदन वर्धमान पलीकडे पडले. जमाव त्यांना मारत होता, पाकिस्तानी सैनिकांनी त्यांना त्यातून सोडवलं, हे त्यांच्याही खात्यावर जमा करायला हवं. १९९९ मध्ये फ्लाइट लेफ्टनंट नचिकेतांना सैनिक मारत असताना एका वरिष्ठ पाकिस्तानी अधिकाऱ्याने थांबवलं, हे स्वतः नचिकेतांनी सांगितलंय. पण रक्ताळलेल्या चेहऱ्याचे, डोळ्यांवर पट्टी बांधलेले अभिनंदन यांचे व्हिडिओ, मग चहाचा कप हातात दिलेला तो व्हिडिओ, हे सगळं जगभर फिरवलं गेलं. कैद्याला लोकांच्या बघ्येगिरीपासून जपायचं, हे कायद्याची_वाट यांनी सांगितलेल्या त्याच १३ व्या कलमात आहे. तेव्हा आपल्या अंगाची आग झाली. मग पकडलेल्या, हात बांधलेल्या, गयावया करणाऱ्या कुठल्याही सैनिकाचा व्हिडिओ आपल्या गटात येतो तेव्हा आपण तो पुढे का ढकलतो? युक्रेनच्या युद्धात दोन्ही बाजूंचे असे किती व्हिडिओ आपल्याकडे चवीने बघितले गेले. त्या पोराची आई तो बघत असते.

---

दूरदेशी

उत्तर इटलीत राहतो. घरापासून गाडीने थोड्याच अंतरावर सोल्फेरिनो आहे. २४ जून १८५९ ला तिथे फ्रेंच-सार्डिनियन आणि ऑस्ट्रियन सैन्यांची लढाई झाली. संध्याकाळपर्यंत हजारो जखमी रानात पडलेले आणि त्यांना विचारणारं कोणी नाही. शेजारच्या कास्तिलिओने गावातल्या बायकांनी चर्चमध्ये पेंढा पसरून जे येतील त्यांना आत घेतलं, ऑस्ट्रियनांनासुद्धा, आणि ऑस्ट्रियन म्हणजे त्यांच्यासाठी परके राज्यकर्ते. 'तुत्ती फ्रातेल्ली', सगळे भाऊच, असं म्हणत. कामानिमित्त तिथे येऊन पोचलेला आंरी द्युनां नावाचा स्विस व्यापारी त्यांच्यात राबला. त्यातून १८६३ ची जिनिव्हातली समिती, १८६४ चा पहिला करार आणि रेडक्रॉस. १९०१ चं पहिलं शांततेचं नोबेल त्याला विभागून मिळालं.

मी लिहितोय ते वेगळ्या कारणासाठी. सोल्फेरिनोच्या चर्चमध्ये त्या लढाईतल्या मृतांची हाडं ठेवली आहेत. कवट्या भिंतभर रचलेल्या आहेत, वरपासून खालपर्यंत. कोण फ्रेंच, कोण ऑस्ट्रियन, ते वेगळं केलेलं नाही, करता येणारही नव्हतं. काही कवट्यांना गोळीचं भोक स्पष्ट दिसतं. माझ्या दहा वर्षांच्या मुलीने विचारलं, "यातले आपले कुठले?" मी म्हटलं, आपलं यात कोणी नाही. ती म्हणाली, "तसं नाही, चांगले कुठले?" मला उत्तर देता आलं नाही.

---

कायद्याची_वाट

नगरकर, तुमच्या प्रश्नाला अजून सरळ उत्तर दिलं गेलेलं नाही, म्हणून देतो. आपल्या सहा जणांबद्दलचं कर्तव्य पुरं झालेलं नाही. आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाण्यात अडचण अशी की राष्ट्रकुलातल्या देशांशी असलेले वाद आपण स्वतःच त्या न्यायालयाच्या कक्षेबाहेर ठेवले आहेत, आणि पाकिस्तानबरोबरचे प्रश्न दोघांत बसून सोडवायचे हा शिमला करारापासूनचा आपला आग्रह आहे. ही धोरणं कालियांच्या आधीची आहेत, पण ती बदलता येतात. आणि जिनिव्हा करारांखाली असे गुन्हेगार शोधून त्यांच्यावर खटला भरणं हे खुद्द पाकिस्तानचंही बंधन आहे. ते आपण किती वेळा, किती जोरात मागितलं, हे विचारायला हवं.

---

रोखठोक_नगरकर

हे मला हवं होतं. माझा राग आहे तिथेच आहे आणि तो तिथेच राहणार. मात्र तो टायगर हिलवरच्या कबरींवर काढायचा नाही, एवढं मला आधीही मान्य होतं, लिहायचं राहिलं होतं.

सह्यवारा, कालियांच्या याचिकेवर वेगळा धागा काढा. माझ्याकडे १९९९ पासूनची कात्रणं आहेत, स्कॅन करून देतो. कायद्याची_वाट यांनी कायद्याची बाजू लिहावी.

---

सह्यवारा

काढतो. कात्रणं तारीखवार लावून पाठवलीत तर बरं. त्या पाच जवानांची नावं आधी लिहू या, सगळीकडे फक्त अधिकाऱ्याचंच नाव येतं: अर्जुनराम, भंवरलाल बगडिया, भिकाराम, मूलाराम, नरेशसिंग.